नित्य व्यवहारातील इंग्रजी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदेड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांचे इंग्रजी सुधारावे कसे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस केली. हे काम एखाद्या पदवीधराकडे सोपवावयास हवे होते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, व ते रास्तच आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर डी. एड. ची दोन वर्षे, आणि मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून अडतीस वर्षे खडू झिजविला, एवढीच आमची शिदोरी. परंतु आमच्या घराण्यात दोन मास्तर होऊन गेले आहेत. वडील कटिंग मास्तर होते व आम्ही शाळामास्तर झालो. इंग्रजीच्या बाबतीत पहिल्या मास्तरांच्या दुकानात जे कानी पडले, तेच दुसऱ्याच्या वर्गात अधिक उपयोगी ठरले, असा आमचा अनुभव आहे. त्या बळावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम एक उदाहरण. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा. नाव सांगत नाही, कारण तो गुणी आहे व हल्ली मार्गाला लागला आहे. लातूरला राहून शिकला. दहावीस इंग्रजीत शंभरापैकी नव्वदाच्या वर गुण. कर्तरी प्रयोगाचे कर्मणी करणे, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करणे, हे त्याच्या हातचा मळ. पुढे पुण्यास एका कंपनीत मुलाखतीस गेला. साहेबाने विचारले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मुलगा म्हणाला, "मायसेल्फ अमुक अमुक," आणि तेथेच त्याचे गाडे अडले. बाहेर येऊन त्याने वडिलांना दूरध्वनी केला तेव्हा त्याचे शब्द असे होते, की मला सगळे येत होते, पण तोंडात काही येत नव्हते. ज्या बापाने दोन यंत्रांवर रात्री जागून त्याची खोलीभाड्याची व शिकवणीची रक्कम उभी केली होती, त्याला हे ऐकून काय वाटले असेल, ते या सभागृहातील कित्येकांना वेगळे सांगावयास नको.

या मुलाजवळ मोठे शब्द होते, लहान शब्द नव्हते. भाषा ही लहान शब्दांवर चालते, आणि ते शब्द पुस्तकापेक्षा व्यवहारात अधिक सापडतात. आजच्या बोलण्यात आम्हांस मुख्यतः एवढेच मांडावयाचे आहे.

परकी भाषा व्यवहारातून शिकणे ही गोष्ट आपणां मराठवाड्यातील लोकांना नवीन नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, १९१८ साली हैदराबादेस निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्या व्यवस्थेने मराठी मुलांचे जे नुकसान केले ते आम्ही झाकू इच्छीत नाही. मातृभाषेत शिकण्याची सोय नसल्याने कित्येकांनी शाळेचा उंबरठाच ओलांडला नाही. आमचे आजोबा त्यांपैकीच. परंतु ते शेरवानी शिवीत, आणि शेरवानी शिवून घेणाऱ्याशी तास तास उर्दूत बोलत. व्याकरणाचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. आस्तीन किती, दामन किती, गळा कसा, कधी हवी, पैसे कधी मिळतील, या पाच-पन्नास वाक्यांवर त्यांची उर्दू उभी राहिली व हळूहळू इतकी फर्डी झाली, की शेजारीपाजारी त्यांच्याकडून अर्ज सांगून लिहून घेत.

शिवणाच्या पेटीत पाहिले तरी हेच दिसते. अस्तर फारसी, गज फारसी, खिसा हा शब्दही त्याच बाजूने आलेला. कैची तुर्की. काज पोर्तुगिजांकडून आले. कॉलर, कफ, बॉबिन, शटल हे इंग्रजी. हे शब्द आपल्या बापजाद्यांनी कोणत्या शाळेत घोकले? ज्या वस्तूला हात लागला तिचे नाव जिभेवर बसले, इतकेच.

आणि याहूनही मोठा दाखला आपल्या कुळाचा आहे. श्रीनामदेव महाराजांचे नरसी येथून दूर नाही. महाराज उत्तरेत गेले, परंपरा सांगते त्याप्रमाणे पंजाबात घुमान येथे वर्षानुवर्षे राहिले, आणि तेथील लोकांना कळेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांतील एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. ज्या ग्रंथास १७०८ साली याच नांदेड नगरीत गुरुपद दिले गेले, त्यात आपल्या शिंपी संताची वाणी परभाषेत आहे, याचा विसर आपल्याला पडतो. महाराजांना पंजाबची बोली कोणी पाठ्यपुस्तकातून शिकविली नाही. ते तेथे राहिले, लोकांत मिसळले, लोकांचे ऐकले.

आता लहान शब्दांची गोष्ट थोडी खोलात जाऊन पाहू. आपल्या मराठीतील 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, ऊन लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेड लागते, वाट लागते, पोरीला सासर जड लागते, यंत्राला तेल लागते. एवढ्या निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाने आपण सांगतो, आणि तीन वर्षांचे पोरही त्यात चुकत नाही. इंग्रजीत असाच एक शब्द आहे 'गेट'. गेट अप म्हणजे ऊठ, गेट डाउन म्हणजे उतर, गेट इन म्हणजे आत ये. नोकरी मिळाली की गॉट अ जॉब, उशीर होऊ लागला की गेटिंग लेट, भिजलो की गॉट वेट, लग्न झाले की गॉट मॅरीड. परदेशातील मूल हे शब्द आईच्या कडेवर शिकते. आपले मूल मात्र 'ऑब्टेन' आणि 'रिसीव्ह' पाठ करते व 'गेट' अगदी सोपा म्हणून सोडून देते.

सी. के. ऑग्डन नावाच्या एका इंग्रज पंडिताने १९३० साली अवघ्या ८५० शब्दांचे एक लहान इंग्रजी सिद्ध केले. त्याला 'बेसिक इंग्लिश' म्हणतात. त्यात क्रियापदे किती? अठरा! ये, जा, दे, घे, कर, ठेव अशा अर्थाची. या अठरांना आत, बाहेर, वर, खाली अशा दिशा जोडल्या, की हजारो मोठ्या क्रियापदांचे काम भागते, असा त्याचा सिद्धांत होता. या कामात त्याचे सहकारी होते आय. ए. रिचर्ड्स, आणि येथे नांदेडकरांचा ऊर भरून यावा अशी गोष्ट आहे. याच रिचर्ड्सांच्या साहित्यविचारावर मराठीत 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हा ग्रंथ लिहिला तो आपल्या नरहर कुरुंदकर गुरुजींनी, जे येथील प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते व पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इंग्रजीतील अवघडात अवघड विचार त्यांनी पचविला आणि तो मराठीत मांडला. इंग्रजी शिकणे म्हणजे मराठी टाकणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

ही अठरा क्रियापदांची गोष्ट आपल्या धंद्यात कशी खरी ठरते ते पाहा. नांदेडात गुरुद्वाराच्या वाटेवर आपल्या ज्ञातीतील एक भगिनी बायकांचे कपडे शिवतात. शिक्षण सातवीपर्यंत. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीस देशोदेशींचे यात्रेकरू आले, तेव्हा विलायत-कॅनडाकडच्या शीख कुटुंबांतील तरुण मुली कपडे ढिले-घट्ट करून घेण्यास त्यांच्याकडे येऊ लागल्या. थोरल्यांची पंजाबी हिंदीच्या आधाराने समजे. या मुली मात्र आपसांत इंग्रजीच बोलत. बाईंनी कान देऊन ऐकले. कमरेत घट्ट करावयाचे तर मुलगी म्हणे 'टेक इट इन'. सैल करावयाचे तर 'लेट इट आउट'. तळपट्टी वर घ्यावयाची तर 'टेक इट अप', खाली सोडावयाची तर 'लेट इट डाउन'. दोन क्रियापदे आणि चार दिशा! पंधरा दिवसांत बाई स्वतःच विचारू लागल्या, "टेक इन? हाऊ मच?" आणि शिवणीत माया शिल्लक नसेल तर, "नो क्लॉथ इनसाइड, कॅनॉट लेट आउट." व्याकरणाच्या पेपरात या वाक्यास पूर्ण गुण मिळणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु गिऱ्हाइकास ते पूर्ण कळले, काम झाले, पैसे मिळाले. आज त्यांचे इंग्रजी पुष्कळ सुधारले आहे, कारण पाया बोलण्याचा होता. वर उल्लेखिलेला नव्वद गुणांचा मुलगा आणि या सातवी शिकलेल्या भगिनी, यांत इंग्रजी कोणाला येते म्हणावे?

म्हणजे व्याकरण नको काय? असा अर्थ कोणी काढू नये. आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले आहे व त्याची थोरवी जाणतो. मुंबई-पुण्याकडील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या आणि मोठमोठ्या पदांस चढल्या. पण व्याकरण हे टीप घातल्यावर इस्त्री फिरवावी तसे असावे. कापडच बेतले नाही तर इस्त्री कशावर फिरवाल?

शिवाय आपली मुले इंग्रजीत ज्या चुका करतात त्या मूर्खपणाच्या नसतात. बहुतेक चुकांच्या मुळाशी मराठी असते, आणि ते मूळ दाखविले की चूक आपोआप निघते. मूल म्हणते, "आय डिड नॉट वेंट." का म्हणते? मराठीत आपण "गेलो" आणि "गेलो नाही" असे म्हणतो. भूतकाळ दोन्हीकडे 'गेलो' मध्येच राहतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ 'डिड' मध्ये जाऊन बसतो, आणि 'गो' पुन्हा मूळचा कोरा होतो. एका काजाला दोन बटणे लावावयाची नाहीत, असे आम्ही वर्गात सांगत असू. मूल म्हणते, "व्हेअर यू आर गोइंग?" कारण "तू कोठे चाललास" यात शब्द हलत नाहीत, इंग्रजीत प्रश्न विचारताना 'आर' उडी मारून पुढे येतो. "मला दोन भाऊ आहेत" याचे "टू मी" होऊ शकत नाही. तेथे 'आय हॅव' हवे, आणि 'आय ॲम हॅविंग' तर नकोच. आपल्याकडे ताप येतो, इंग्रजाला तो असतो. आपल्याकडे पाऊस पडतो. इंग्रजीत 'इट इज रेनिंग', आणि हा 'इट' कोण, हे इंग्रजालाही सांगता यावयाचे नाही. 'परवा' हा आपला एकच शब्द मागच्या व पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो. इंग्रजीत मात्र एकदा 'डे बिफोर यस्टरडे' आणि एकदा 'डे आफ्टर टुमारो' असा लांबलचक खुलासा करावा लागतो. या एका बाबतीत आपली भाषा अधिक काटकसरीची आहे असे आम्हांस वाटते!

काही शब्द इंग्रजी दिसतात पण इंग्रजी नसतात, त्यांविषयी सावध राहिले पाहिजे. यंत्राच्या दोऱ्याचे 'टेन्शन' आपण चकती फिरवून कमी-अधिक करतो. तो इंग्रजी शब्दाचा अगदी बरोबर उपयोग. पण "मला टेन्शन आलंय" हे इंग्रजाला सांगावयाचे तर 'आय ॲम वरीड' म्हणावे. कोणी वारले की आपण "ऑफ झाले" म्हणतो. हे इंग्रजीत कोठेही नाही. दिव्याचे बटण बंद करावे तसे ते ऐकू येते. तेथे 'पास्ड अवे' म्हणण्याची रीत आहे. आणि "कॅट्स अँड डॉग्ज" पाऊस पडतो, ही म्हण शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली. रोजच्या बोलण्यात ती आता क्वचितच येते. त्यापेक्षा आपल्या धंद्याची 'कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ' ही म्हण शिकवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा तिचा अर्थ आपल्या पोरांना चटकन उमगतो, कारण कापड कमी पडल्यावर बापाचा चेहरा कसा होतो ते त्यांनी पाहिलेले असते.

आता एका गोष्टीकडे पालकांचे विशेष लक्ष वेधतो, कारण तीत आपल्या मुलांची अब्रू गुंतलेली आहे. मराठीत आदर 'तुम्ही' आणि 'आपण' यांत असतो, 'द्या' आणि 'बसा' यांत असतो. इंग्रजीत 'यू' एकच. म्हणून मुलांना वाटते, इंग्रजीत आदर नाहीच, आणि ती सरळ म्हणतात, "गिव्ह मी वॉटर." मराठीत विनयाने वागणारे मूल इंग्रजीत उद्धट ठरते व त्याला ते कळतही नाही. इंग्रजीत आदर प्रश्नाच्या रूपात दडलेला असतो. "कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?" असे म्हटले म्हणजे "पाणी देता का जरा" हा भाव येतो. लिहिण्यात 'रिस्पेक्टेड सर' घातले की भागले, अशी आपली समजूत आहे; पण सर्व विनय मायन्यात आणि पुढे सगळे हुकूम, असे पत्र वाचणाऱ्यास कसे वाटेल? हीच गोष्ट नात्यांची. काका, मामा, मावसा, आतोबा या सर्वांना 'अंकल' करून टाकणे इंग्रजीस चालते. आपल्या घरात ते चालू देऊ नये असे आमचे मत आहे. मामाला मामाच म्हणावे, आणि परक्या माणसास त्याची ओळख करून देताना 'माय मदर्स ब्रदर' असे सांगावे. त्यात भाषाही शिकून होते आणि मामाही हरवत नाही.

व्यवहारातील पाठ सापडतात कोठे, असे विचाराल तर पुष्कळ ठिकाणी. औषधाच्या बाटलीवर 'शेक वेल बिफोर यूज' आणि 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' असते. आज्ञार्थाचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात आहे? ज्यांचे नातेवाईक शेती करतात त्यांनी कीटकनाशकाच्या डब्यावरील मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्यावरील तांबडा त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, निळा व हिरवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. डब्यासोबत मराठी पत्रक असले तर तेही शेजारी ठेवून वाचावे. दोन भाषा समोरासमोर ठेवण्याची ती संधीच होय.

आणि रेल्वे स्थानकाएवढी मोठी शाळा तर नाहीच. नांदेडच्या फलाटावर गाडीची घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी अशी एकापाठोपाठ होते. गाडी उशिरा असली की, आणि ती पुष्कळदा असते, तेच वाक्य दहा वेळा ऐकावयास मिळते. शेवटी 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' असे येते. कर्मणी प्रयोग काय असतो ते येथे कळते. खेद वाटतो, पण कोणाला, ते सांगितलेले नाही! आपल्या कचेऱ्यांतून "कळविण्यात येते की" व "कारवाई करण्यात येईल" अशी पत्रे येतात, तोच हा प्रकार. 'राम ईट्स अ मँगो' याचे 'अ मँगो इज ईटन बाय राम' करणारे मूल पास होते, पण असे वाक्य घरात कोणी बोलत नाही. कर्ता जेथे लपवावयाचा असतो, किंवा सांगण्याची गरज नसते, तेथे हा प्रयोग बहुधा शोभतो, हे फलाटावर पाच मिनिटांत समजते.

इंग्रजी माध्यमाविषयी आमचे मत विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. २००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. ते योग्यच झाले, परंतु शिकविणाऱ्यांच्या स्वतःच्या कानांवर इंग्रजी पडलेले नव्हते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते फळ्यावरच राहिले. त्यावर उपाय म्हणून ऐपतीबाहेरची फी भरून, जेथील शिक्षकांनाही धड इंग्रजी बोलता येत नाही अशा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालणे आम्हांस पटत नाही. तेथे मूल विज्ञानही पाठ करते, गणितही पाठ करते, आणि घरी आजीशी बोलण्याचे शब्द विसरते. हिप्परगा व अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठी मुलांना शिकवीत होते, ते राजसत्तेच्या भाषाधोरणाचा रोष पत्करून. त्याच स्वामीजींनी हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी पुढे इंग्रजीत लिहिल्या, त्या १९६७ साली प्रसिद्ध झाल्या. मराठीतून शिकणे आणि इंग्रजी उत्तम येणे, यांत त्यांना काही विरोध दिसला नाही.

कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे, व ती अध्यक्ष महाशयांनी मान्य केली आहे. प्रत्येक घरात मापाची वही असते. छाती, कंबर, बाही, उंची असे आपण लिहितो. तिच्याच मागच्या पानांवर घरातील मुलाने किंवा मुलीने आठवड्याला दहा इंग्रजी वाक्ये उतरवून ठेवावीत. पुस्तकातील नव्हेत, तर दुकानात, स्थानकावर, दवाखान्यात, दूरध्वनीवर प्रत्यक्ष कानी पडलेली किंवा डोळ्यांनी वाचलेली. शेजारी ते वाक्य आपण घरात मराठीत कसे बोलू, ते लिहावे. आईबापांना इंग्रजी येत नसले तरी मराठी वाक्य खरे आपल्या बोलीतले आहे की नाही, एवढे ते सांगू शकतात. तेवढी तपासणी त्यांनी करावी. नांदेडच्या मुलांनी या वह्या दर रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या कचेरीत आणाव्यात. आम्ही तेथे बसू. लातूरकडील मुलांची सोय तेथील आपल्या दोन निवृत्त शिक्षकांनी पत्करली आहे. फी काही नाही. वही मात्र मापाचीच आणावी, नवी विकत घेऊ नये.